रोजा लागतो की खर्रा?

अकोल्याला माहेरी रमजानमध्ये असरनंतर कुणी मोठ्यानं बोलत नसे. "भाईजानला रोजा लागलाय," अम्मी म्हणायच्या. गेल्या वर्षी शरबत सांडलं म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या लेकीला थप्पड मारली.

अमरावतीला परतल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. तंबाखूतलं निकोटीन मेंदूत डोपामाइन वाढवतं, म्हणून बरं वाटतं. सवय जडलेल्या मेंदूला ते काही तास मिळालं नाही की बेचैनी, चिडचिड सुरू होते. म्हणजे राग खर्र्याचा होता आणि बदनाम आम्ही रोजाला करत होतो!

भाईजानना सांगितलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "खजूर खाल्ली की हात आधी खिशातच जातो."

२०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात. दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. रमजानही महिनाभराचाच. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

यंदा भाईजाननी शाबानमध्येच फोन लावला. अजून कधी कधी चुकतात. पण इफ्तारला लेक आता त्यांच्या शेजारी बसते.