माडीची तक्तपोशी

३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस दगडमातीचीं जड घरें कोसळून हजारों जीव गेले. तेव्हांपासून माडीवर भार नको, असें आमचें मत. म्हणून लातूरच्या नव्या घरांत खालीं शहाबादी फरशी व वर सागवानी तक्तपोशी ठरली. चिरंजीवांस गडद रंग हवा होता. परंतु त्यावर इकडची धूळ तत्काळ दिसते, आणि केरसुणी घ्यावी लागते ती सूनबाईंस. सबब सागाचा स्वाभाविक पिंगट वर्णच आम्हीं पसंत केला. किनवटच्या अरण्यांतील या वृक्षाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाहीं. पांढुरका बाह्यभाग मात्र टाकावा. लांकूड पावसाळ्यांत फुगतें, यास्तव भिंतीलगत अर्धा इंच फट ठेवविली. चकचकीत रोगण वर्ज्य केलें. घरांतील वृद्धांचें पाऊल निर्धास्त पडावें, हीच खरी शोभा.