मुंबईचीं एकोणचाळीस मिनिटें

मुंबईंत सकाळचे दहा वाजले असतां लंडन येथें किती वाजले असतील, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला आम्ही बरींच वर्षें विचारीत आलों आहों. मुलें चटकन् साडेपांच तास वजा करितात आणि 'साडेचार' असें उत्तर देतात. हें उत्तर जानेवारींत बरोबर आहे आणि जूनमध्यें चूक आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत इंग्लंडांतील लोक आपलीं घड्याळें एक तास पुढें करून ठेवितात. त्या दिवसांत लंडनला साडेपांच वाजलेले असतात. तेव्हां तारीख सांगितल्यावांचून हा प्रश्न सोडवितांच येत नाहीं, आणि प्रश्नपत्रिका काढणारांच्या हें क्वचितच ध्यानांत असतें.

सूर्य तर कोणासाठीं तासभर घाई करीत नाहीं. मग घड्याळांत जें वाजतें तें ठरवितो कोण?

पृथ्वी चोवीस तासांत 360 अंश फिरते. एका अंशास चार मिनिटें लागतात. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारें 72 अंश 50 कलांवर आहे. चारांनीं गुणून पाहा: 4 तास 51 मिनिटें येतील. हाच मुंबईचा खरा, सूर्यानें दिलेला वेळ. त्यास 'बाँबे टाइम' म्हणत. मद्रासचा वेळ याच हिशेबानें मुंबईच्या अर्धा तास पुढें, आणि कलकत्त्याचा तासाहून थोडा अधिक पुढें होता. बैलगाडीच्या प्रवासांत असल्या फरकाचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. आगगाडी आली आणि घोटाळा सुरू झाला. रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले आणि उतारू मुंबईच्या वेळेनें निघे. 1881 साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांत मद्रासचा वेळ लागू केला, परंतु लोकांनीं इतका विरोध केला कीं 1883 साली तो हुकूम मागें घ्यावा लागला.

पुढें 1884 साली वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत ग्रिनिचचें रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून मान्य झालें. त्यास अनुसरून 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानांत साडेब्याऐंशी अंशांचें रेखावृत्त धरून एकच प्रमाणवेळ सुरू करण्यांत आली. तें रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातें. मुंबईकरांस घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटें पुढें करावें लागणार होतें. नुकतीच बंगालची फाळणी झालेली. लॉर्ड कर्झन यांच्या कारभारानें लोक चिडलेले. गिरणीकामगारांनीं तर त्याच जानेवारींत काम बंद पाडून आपला संताप दाखविला. कारण उघड आहे: भोंगा जर मिर्झापूरच्या वेळेवर वाजला, तर मुंबईच्या मजुरास अंधारांतच उठावें लागणार. महानगरपालिकेनें आपलीं घड्याळें मुंबईच्याच वेळेवर ठेविलीं, आणि हा हट्ट जवळजवळ अर्धें शतक टिकला. कलकत्त्यानेंही आपला वेळ 1948 पर्यंत सोडला नाहीं.

याचा अर्थ काय होतो पाहा. त्या काळीं एखादें मूल मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनीं जन्मास आलें, तर तें स्टेशनच्या घड्याळाप्रमाणें मंगळवारचें आणि पालिकेच्या घड्याळाप्रमाणें सोमवारचें. मूल एकच, आई एकच, वाढदिवस मात्र दोन!

आमचें मत विचाराल तर आगगाडीस एकच वेळ हवा होता यांत शंका नाहीं. दर शहराचा वेळ निराळा ठेवून एवढ्या देशाचें वेळापत्रक छापणें म्हणजे पोरखेळ झाला असता. तथापि ज्या मजुराची झोप त्यासाठीं मोडली, त्याला कोणी विचारलें नव्हतें, हेंही खरें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, 1942 ते 1945 या काळांत, प्रमाणवेळ आणखी एक तास पुढें करण्यांत आली. तेव्हां मुंबईच्या माथ्यावर सूर्य यावयास दीड वाजून जाई. त्याही वेळीं झोपेचा प्रश्न कोणीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं.

तीं एकोणचाळीस मिनिटें आज घड्याळांत उरलीं नसलीं तरी अंगणांत आहेत. सपाट जागीं एक काठी सरळ उभी रोवावी आणि तिची सांवली सर्वांत आंखूड केव्हां होते तें लिहून ठेवावें. वर्षांतून चारदां, म्हणजे 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर या दिवसांच्या सुमारास, ती वेळ मुंबईंत बारा वाजून एकोणचाळीस मिनिटें येते. एरवीं पृथ्वीच्या कमीअधिक गतीमुळें व तिच्या आंसाच्या तिरपेपणामुळें तींत फार तर पाव तासाचा फरक पडतो. जून-सप्टेंबरांत आभाळाचा भरंवसा नाहीं आणि नाताळांत शाळा बंद. तेव्हां एप्रिलचा दिवस सोयीचा.

आतां परदेशाच्या वेळेसंबंधीं. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे वडील दुबईस किंवा जहाजांवर आहेत. कोणाची बहीण इंग्लंडांत, कोणाचा भाऊ अमेरिकेंत. दुबई आपल्या दीड तास मागें, बारा महिने सारखी. मॉरिशसही तितकेंच मागें. एकोणिसाव्या शतकांत तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथें नांदत आहेत. नेपाळ पंधरा मिनिटें पुढें. टोकियो साडेतीन तास पुढें. न्यूयॉर्क हिवाळ्यांत साडेदहा तास मागें आणि उन्हाळ्यांत साडेनऊ. परंतु अमेरिकेचा उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारीं लागतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं सुटतो. तो इंग्लंडच्या रविवारांशीं जुळत नाहीं. मार्चमध्यें फोन करणारांनीं हें विसरूं नये.

लंडनच्या हिवाळी वेळेसाठीं एक गंमत आहे. कांट्यांचें घड्याळ उलटें धरावें. येथें दुपारचे दोन वाजले असतील, तर उलट्या घड्याळांत लहान कांटा आठाच्या जागीं आणि मोठा सहाच्या जागीं दिसेल: साडेआठ! अर्ध्या फेरीनें लहान कांटा सहा तास मागें जातो व मोठा अर्धा तास पुढें येतो, म्हणून साडेपांच. लहान कांटा मात्र नेहमीं थोडा मागें रेंगाळलेला दिसेल. मिनिटकांट्यावर विश्वास ठेवावा.

तारखेचें प्रकरण मात्र असें गमतीचें नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई डिसेंबरांत एका रविवारीं सकाळीं सहा वाजतां येथें वारली. मुलगा न्यूयॉर्कला नोकरीस. बहिणीचा फोन गेला, त्या वेळीं तेथें शनिवारची संध्याकाळ होती. साडेसात वाजून गेले होते आणि तो बाजार करून घरीं परतत होता. मातीस त्याला पोंहोंचतां आलें नाहीं. पुढें थडग्यावरील दगड घडवावयाचा ठरला, तेव्हां तो तारीख विचारावयास आमच्याकडे आला. "सर, माझ्यापुरती आई शनिवारीं गेली. मी रविवार कसा लिहूं?" बहिणीनें तर रविवारचा शेवटचा श्वास आपल्या डोळ्यांनीं पाहिलेला. दोघेंही खरें बोलत होतीं. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, दगड मुंबईच्या मातींत उभा राहणार आहे, आणि बाईंचा जीव मुंबईंत गेला. दगडावर मुंबईची तारीख असावी. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें होकार दिला.

दगडावर रविवारची तारीख आहे. बहीण त्या तारखेस फुलें घेऊन जाते. तो न्यूयॉर्कला आदल्या तारखेस, संध्याकाळीं साडेसात वाजतां, मुलांस जवळ घेऊन प्रार्थना करितो. प्रार्थना झाली कीं तो बहिणीला फोन लावतो, आणि येथें त्या वेळीं सकाळचे सहा वाजलेले असतात.