शिपाई येईल हं!

लहानपणी जेवताना आम्ही भावंडे रेंगाळलो की आई म्हणे, "मुकाट्याने जेवा, नाहीतर शिपाई येईल हं!" तो शिपाई कधी आला नाही; पण त्याच्या धाकाने मी पडवळाची भाजी मात्र पुष्कळ खाल्ली. पुढे चाळिशी उलटल्यावर गणिताचा मास्तर म्हणून मी अमेरिकेत नावाहो लोकांच्या मुलखात गेलो, आणि नशिबाची गंमत अशी की तिथे शेजारी मिळाला तो शिपाईच!

नावाहो हे तिथले मूळ रहिवासी. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा मुलूख सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईला थोडा कमी. सरकार त्यांचे, न्यायालये त्यांची, पोलीसही त्यांचेच. पण एवढ्या मुलखाला पोलीस दोनशेच्या आसपास! मदतीला दुसरी गाडी यायची तर तास सहज मोडतो. कित्येक घरांना नंबर नाही. 'पवनचक्कीपासून डावीकडे, मग निळी टाकी' हाच पत्ता. त्यांच्या भाषेत पोलिसाला 'सिलाओ' म्हणतात, आणि सैनिकालाही तेच. आपला 'शिपाई' तरी कुठे वेगळा आहे?

२०२२ सालच्या २४ ऑक्टोबरची, लक्ष्मीपूजनाची रात्र. पायरीवर चार पणत्या लावून मी माझ्या वाकड्यातिकड्या चकल्यांकडे कौतुकाने पाहत बसलो होतो. इतक्यात शेजारी आला. माझ्या वर्गातला एक मुलगा शाळेच्या बसमधून उतरला होता. पण आजीकडे पोचला नव्हता.

"मास्तर, तुम्ही चला. हा गणवेश पाहिला की मुलं लपतात. तुमच्या हाकेला तो ओ देईल."

म्हणजे इथल्या आयाही शिपायाची भीती घालतात तर, असे मनात म्हणत मी कोट चढवला.

बाहेर अमावास्येचा काळोख आणि बोचरी थंडी. वाटेत एक मोटार झोकांड्या खात समोरून आली. आत बाहेरगावचा एक गोरा प्रवासी, दारूने झिंगलेला. शेजाऱ्याने त्याला खाली उतरवले, आणि खरा पेच तिथेच पडला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूळ रहिवासी नसलेल्या माणसावर जमातीच्या न्यायालयात फौजदारी खटला चालणार नाही. पुढे काही ठरावीक गुन्ह्यांपुरती ही अट सैल झाली, आणि २०२१ साली त्याच न्यायालयाने सांगितले की जमातीचा पोलीस अशा माणसाला रस्त्यावर तेवढ्यापुरता अडवून ठेवू शकतो. थोडक्यात, पकडायचे आणि बाहेरचा पोलीस येईपर्यंत राखण करीत बसायचे! बिनतारी यंत्रावर उत्तर आले, बाहेरच्या पोलिसाला यायला दीड तास लागेल.

शेजारी क्षणभर अंधाराकडे पाहत राहिला. "थांबलो तर पोर गारठेल. सोडला तर हा कुणाला तरी चिरडील." त्याने मोटारीची किल्ली खिशात टाकली, त्या माणसाला आमच्या गाडीत मागे जाळीआड बसवले, अंगावर घोंगडी दिली, आणि आम्ही निघालो.

आजीच्या घराचे दार, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, पूर्वेला. मला वाटले, आता हा भराभर प्रश्न विचारील. पण याने टोपी काढली आणि आपले कूळ सांगितले. आधी आईचे, मग वडिलांचे. आपल्याकडे गोत्र बापाकडून येते, तिथे कूळ आईकडून. त्याच्या वडिलांचे कूळ आणि आजीचे कूळ एकच निघाले. तेव्हा म्हातारीचा सूरच बदलला. आधी तिने त्याला चांगले फैलावर घेतले, "इतका वेळ लागतो होय?" आणि मग फोनवर जे सांगितले नव्हते ते सांगितले. सकाळी नातवाशी तिचे भांडण झाले होते. घरातले भांडण परक्याला कशाला सांगायचे? पण हा आता परका नव्हता. मुलगा रुसला की उन्हाळ्यातल्या मेंढ्यांच्या तळावर जातो, हेही तेव्हाच कळले.

तळावर गेलो. मी हाक मारली. आधी कुत्रे भुंकले, मग कुडाच्या आडून बारीक आवाज आला, "सर?" पोराचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला गाडीत शेगडीसारख्या ऊबेपाशी बसवले. जाळीमागून तो झिंगलेला माणूस पुटपुटला, "पोरगं बरं आहे ना?"

मुलाला आजीच्या हवाली करून डांबरी रस्त्याला लागलो, तो बाहेरचा पोलीस ताटकळत उभा. तोही म्हणाला, "इतका वेळ?" शेजाऱ्याने क्षमा मागितली आणि माणूस त्याच्या ताब्यात दिला.

परतताना तो हसून म्हणाला, "कायदा सांगतो, हा माणूस तुझा नाही. आजी सांगते, पोर तुझं आहे. उशिराबद्दल बोलणी मात्र दोन्हीकडे मीच खायची!"

घरी आलो तेव्हा पणत्या विझल्या होत्या. मी तेल घालून पुन्हा लावल्या. त्याने उभ्याउभ्याच दोन चकल्या खाल्ल्या. तेवढ्यात यंत्र पुन्हा बोलू लागले. चार चकल्या खिशात कोंबून तो काळोखात निघून गेला.

आता दिवाळीत भाचरे फराळाच्या ताटाशी रेंगाळली की मीही म्हणतो, "शिपाई येईल हं!" आणि लगेच जोडून देतो, "त्याच्यासाठी दोन चकल्या राखून ठेवा."