मालक आणि बिऱ्हाडकरू

अफवेला पाय फुटतात म्हणतात; इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहरी एक अफवा २०२० च्या एप्रिलापासून दीड वर्ष चालतच होती! न्यूकॅसल युनायटेड हा १८९२ सालचा फुटबॉल क्लब विकला जाणार, ही ती वार्ता. अखेर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या पुढाकाराने सौदा पुरा झाला. लोक मैदानाबाहेर नाचले. तेरा दिवसांत जुने व्यवस्थापक स्टीव्ह ब्रूस गेले, उनाई एमेरींनी नकार कळवला आणि ८ नोव्हेंबरला एडी हाउ आले.

मला आपल्या चाळीच आठवतात. मालक बदलला की बिऱ्हाडकरूंना वाटते, आता गळकी कौले शाकारली जातील. पैसा कोठला, हे कोण विचारतो? अ‍ॅम्नेस्टीने सौदी राजवटीतील मानवी हक्कांवर बोट ठेवले होते. पण जयघोषात ते बुडाले.

२०२५ साली लीग कप जिंकून क्लबाने देशातला मोठा करंडक ७० वर्षांनी घरी आणला. तो आनंद खोटा कसा म्हणावा? मात्र मालक येतात नि जातात. घर राहते बिऱ्हाडकरूंचे. म्हणून प्रश्न विचारण्याचे ओझेही त्यांच्याच डोक्यावर!