दहा टक्क्यांच्या आतले

प्रिय सर,


कॅस या बढती योजनेत प्राध्यापक व्हायला किमान 10 शोधनिबंध लागतात, तुमचे दोन कमी पडतात आणि पैसे भरले की आठवड्यात छापून देणारं नियतकालिक तयार आहे. निबंध माझाच आहे, ड्रिलबिट या साम्य तपासणाऱ्या यंत्रणेत साम्य दहा टक्क्यांच्या आत आलंय, मग गैर काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते घोळ त्या दहा टक्क्यांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीने साम्याच्या पायऱ्या आखल्या: 10 पर्यंत माफ, त्यापुढे 40 आणि 60 ओलांडले की शिक्षा वाढत जाते. हेतू चांगला होता, पण तेव्हापासून प्रामाणिकपणा मोजायचं काम आपण यंत्रावर सोडून दिलं, आणि यंत्राला फक्त शब्द जुळवता येतात. गंगाखेडच्या संत जनाबाईंवर कुणी लिहिलं आणि अवतरणं न वगळता तपासलं, तर अभंगांमुळेच टक्केवारी चढते. उलट एखाद्या जुन्या मराठी मासिकातला लेख इंग्रजीत उतरवून स्वतःच्या नावावर घातला, तर साम्य जवळपास शून्य दिसेल. जनाबाईंच्या अभ्यासातला खरा प्रश्न तर यंत्राच्या गावीही नसतो. नामदेव गाथेत छापलेल्या त्यांच्या अभंगांपैकी कोणते त्यांचे आणि कोणते मागाहून त्यांच्या नावावर चढले? कोणती आवृत्ती वापरली हे न सांगता निष्कर्ष काढणारा निबंध दोन टक्क्यांचा असला तरी कुचकामीच. ही खोट विषय जाणणारा समीक्षकच काढू शकतो. आठवड्यात छापणाऱ्याकडे नेमका तोच नसतो, आणि आपण पैसे मोजतो ते त्याला टाळण्यासाठी.

यावर ‘नियतकालिक यूजीसीच्या यादीत होतं’ असं उत्तर आपल्याकडे हमखास मिळायचं. त्या यादीची गत बघा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीची मान्य यादी तपासली आणि 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले: विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 नावं यादीतून काढली. मला यातला बोचरा भाग तो आकडा नाही. ही नावं सुचवली कुणी? विद्यापीठांनी, म्हणजे शेवटी आपणच. पुढे पुण्याच्या विद्यापीठात कक्ष उघडून केअर नावाची नवी यादी झाली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता नियतकालिक पारखायचं काम संस्थांवर आणि शिक्षकांवर आलंय. यादीच्या आड लपायची सोय गेली, हे एका अर्थी बरंच झालं.

‘पण कुणाचं नुकसान होतं?’ हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप. परभणीत राहून तो करावा याचं मला नवल वाटतं. आपल्या कृषी विद्यापीठातला ज्वारीचा वाण शेतकऱ्यापर्यंत जाण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी, एकाहून अधिक हंगामांत पेरून बघतात. मग चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन आढावा बैठकीत (अ‍ॅग्रेस्को) शास्त्रज्ञाला आकड्यांबद्दल उत्तरं द्यावी लागतात. इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने आलेला, लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ 2018 मध्ये बाहेर पडला तो अशा चाचण्यांतूनच. तिथे सगळे साधू आहेत असं मी म्हणत नाही. पण खोटा आकडा शेतात उघडा पडतो; 2020 मध्ये सोयाबीन उगवलं नाही तेव्हा तक्रारी आणि पंचनामे झाले. आपल्या निबंधाचा पंचनामा होत नाही म्हणून नुकसान होत नाही, असं नव्हे. ते फक्त पांगतं. तासिका तत्त्वावर राबणारा, एका निबंधावर दोन वर्षं घालवणारा उमेदवार मुलाखतीत विकतच्या निबंधांच्या यादीपुढे मागे पडतो. जिंतूर-सेलूची एखादी पदव्युत्तर विद्यार्थिनी तोच निबंध प्रमाण मानून पुढे लिहिते.

नियम अन्यायकारक आहे, हे मात्र मान्य. आठवड्याचे तास, नॅकच्या फायली, निवडणुकीची ड्युटी, तोकडं ग्रंथालय, आणि वर महानगरातल्या संशोधन संस्थेइतकीच निबंधसंख्या! यूजीसीने 2022 मध्ये पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती काढली. बढतीच्या बाबतीतही तसा विचार व्हायला हवा आणि शिक्षक संघटनेने तो जोरात मांडायला हवा. पण संघटना ते मांडणार कशी, तिचे निम्मे सभासद पैसे घेऊन छापणाऱ्या विशेषांकांतल्या निबंधांवर बढती घेऊन बसले असतील तर? वाईट नियमाची अशी पूर्तता करून आपण त्याला यशस्वी ठरवतो. कागदावर सगळं सुरळीत दिसत असताना तो बदलायचं कारण कुणाला सापडणार?

तेव्हा माझं मत विचाराल तर निबंध चांगल्या नियतकालिकाला पाठवा. सहा महिन्यांनी दुरुस्त्या येतील, त्या करा. ज्या मित्राने एक ओळही लिहिली नाही त्याचं नाव सहलेखक म्हणून घालू नका, आणि त्याच्या निबंधावर आपलंही चढवू देऊ नका. स्थाननिश्चितीची तारीख पुढे जाईल, तेवढ्या काळाची थकबाकी बुडेल, आणि घरी त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. ते मला हलकं करून सांगता येत नाही.

आपला,
एक सहकारी