पंधरा ते वीस पौंड

दाजींची रोव्हर गिअर घसरवते आहे, हे भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा गॅरेजवाल्याचा निकालही सोबतच ऐकवला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संपला, सुटे भाग मिळणार नाहीत, काढून टाका आणि इसुझूचं इंजिन-गिअरबॉक्स बसवा. जुन्या विदेशी गाड्यांच्या नशिबी आपल्याकडे हे सर्रास येतं. पन्नास वर्षं चाललेली यंत्रणा एका दुपारी भंगारात जाते आणि वर फक्त सुंदर पत्रा उरतो. मला ते बघवत नाही.

मी ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात नोकरी केली, हायड्रॉलिकच्या कामावर. दाब मोजल्याशिवाय कुठलाही भाग खराब ठरवायचा नाही, ही तिथली शिस्त. १९६४ साली हा कारखाना उभा राहिला आणि आमच्या निफाड तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा मोजमापाची हत्यारं आली. भाच्याला म्हटलं, "काही उघडू नकोस. मी गेज घेऊन येतो."

गाडी आहे रोव्हर २००० ऑटोमॅटिक. हे मॉडेल इंग्लंडात १९६३ला आलं, युरोपातला 'कार ऑफ द इयर'चा पहिलावहिला मान १९६४साठी त्यालाच मिळाला, आणि ऑटोमॅटिक १९६६पासून मिळू लागली. त्या काळात आपल्याकडे परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाला जवळपास अशक्य होतं. वकिलातीतली मंडळी बदलून जाताना गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे द्यायची आणि तिथून त्या विकल्या जायच्या. ही गाडीही त्याच वाटेने मुंबईच्या रस्त्यावर आली, काही हात फिरली आणि एका चांगल्या द्राक्ष हंगामानंतर दाजींनी ती निफाडला आणली.

गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नर ३५. हा रोव्हरपुरता नाही. ट्रायम्फ, हिलमन, फोर्ड, व्होल्वो अशा अनेकांनी तो वापरला. त्यामुळे भाग मिळत नाहीत हे म्हणणंच मुळात खरं नव्हतं. परदेशातून मागवावे लागतात, एवढंच.

सकाळी पोचलो तेव्हा बागांमध्ये शेकोट्यांचा धूर होता. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रात येतो तो उगाच नाही. अशा थंडीत गिअरबॉक्सचं तेल जड असतं आणि त्या अवस्थेत घेतलेलं कुठलंही माप खोटं निघतं. म्हणून आधी गाडी लासलगावच्या रस्त्याने फिरवून गरम केली. मी शेजारी बसलो आणि भाच्याला चालवायला लावली. पहिल्यातून दुसरा गिअर फारच लवकर पडत होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम रेस व्हायचं आणि मग गाडी उचलायची. पेडल पूर्ण दाबलं तरी खालचा गिअर येत नव्हता.

परतल्यावर इंजिन चालू ठेवून, लिव्हर पार्कमध्ये टाकून डिपस्टिक काढली. तेल पातळीत होतं, लाल होतं, जळका वास नव्हता. क्लचच्या चकत्या जळून गेल्या असत्या तर तेल काळपट झालं असतं आणि वासाने लगेच कळलं असतं. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. भाच्याला विचारलं, गाडीचं शेवटचं काम काय झालं? तो म्हणाला, कार्बोरेटर उतरवून साफ केला, त्यानंतर हे सुरू झालं. मग मी बॉनेटखाली दुसरं काही बघितलंच नाही, सरळ किकडाऊन केबलवर आलो.

ही किकडाऊन केबल कार्बोरेटरच्या लिंकेजपासून खाली गिअरबॉक्सच्या पोटात जाते. पुष्कळ फिटर समजतात की ओव्हरटेक करताना खालचा गिअर पाडणं एवढंच तिचं काम. ते तिचं सगळ्यात लहान काम आहे. गिअरबॉक्समध्ये तेलाचे दोन दाब एकमेकांसमोर उभे असतात. एक गव्हर्नरचा. तो आउटपुट शाफ्टवर फिरतो, गाडीचा वेग वाढेल तसा त्याचा दाब वाढतो आणि वरचा गिअर मागतो. दुसरा थ्रॉटलचा. केबलच्या टोकाला एक कॅम असतो, तो झडपेला ढकलतो. पेडल जितकं दाबाल तितका हा दाब वाढतो आणि गव्हर्नरला थोपवून धरतो. या दोघांच्या रेटारेटीत गिअर कधी बदलायचा ते ठरतं. पेडल तळाला टेकवलं की कॅम आणखी फिरतो आणि खालचा गिअर पडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लचच्या चकत्या आणि बँड आवळून धरणारा मुख्य दाबसुद्धा हीच केबल वाढवते. इंजिन जोर लावतं आहे आणि केबल ढिली आहे, तर गिअरबॉक्सला त्या जोराची खबरच लागत नाही. दाब कमी राहतो, चकत्या घसरतात. असं महिनोन्महिने चालवलं तर तो गॅरेजवाला म्हणाला तसा गिअरबॉक्स खरोखरच संपतो. म्हणून मला इतकी घाई होती.

केबलच्या आतल्या तारेवर एक छोटी कडी दाबून बसवलेली असते. पेडल सोडलेलं असताना ही कडी बाहेरच्या आवरणाच्या आट्यांच्या टोकापासून अगदी जवळ असली पाहिजे, एक चौसष्टांश ते एक सोळांश इंच, मिलिमीटरमध्ये साधारण अर्ध्यापासून दीडपर्यंत. इथे फटीत पेन्सिलचं अख्खं शिसं शिरत होतं. पण नुसत्या या मापावर थांबायचं नाही. जुन्या केबलवरची कडी सरकलेली असू शकते, आतली तार ताणलेली असू शकते. खरं उत्तर गेज देतं.

त्याआधी दोन गोष्टी. पेडल तळाला टेकल्यावर कार्बोरेटरचा बटरफ्लाय पूर्ण उघडतो का, ते बघितलं. उघडत नव्हता. पायाखाली जाड रबरी मॅट होती, ती काढली. मग रिकामी चाल टॅकोमीटर लावून बरोबर केली. केबल त्याच लिंकेजवर लटकलेली असते. रिकामी चाल नंतर बदलली तर केबलचं सेटिंगही बदलतं, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही.

दाब मोजायचं बूच गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला असतं. भाच्याने फवारणीच्या एचटीपी पंपाचा गेज आणून ठेवला होता. त्याची धडपड मला आवडली, पण तो गेज चाळीस-पन्नास किलोचा दाब दाखवायला केलेला. आपल्याला एका किलोच्या आसपासचा फरक वाचायचा होता. त्यावर काटा जेमतेम हलला असता. माझा ३०० पौंडांचा गेज लांब नळीने जोडला आणि खिडकीजवळ आणला. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, भाचा ब्रेकवर पाय घट्ट रोवून बसलेला. गाडीपुढे कुणी उभं राहायचं नाही, हे दाजींनासुद्धा मोठ्याने सांगावं लागलं.

लिव्हर डी मध्ये. रिकाम्या चालीवर काटा साठच्या जवळ. ५० ते ७० चालतं. म्हणजे पंप धडधाकट होता. आता फेऱ्या पाचशेने वाढवायच्या आणि दाब १५ ते २० पौंडांनी चढला पाहिजे. काटा सहा-सात पौंड चढून थांबला. भाच्याला तो दाखवला आणि म्हटलं, "हा बघ तुझा बिघाड."

इंजिन बंद केलं. लॉकनट सैल केली आणि आवरणाचा अ‍ॅडजस्टर थोडा बाहेर फिरवला. आवरण लांबलं की आतली तार तेवढी ताणली जाते. परत इंजिन, परत डी, परत काटा. प्रत्येक वेळी मोजकेच सेकंद, कारण गाडी अडवून धरून इंजिन फिरवलं की कन्व्हर्टरमधलं तेल झपाट्याने तापतं. काटा दहाने चढला, मग तेराने, मग सतराने. तिथे मी थांबलो. भाचा म्हणाला, "मामा, अजून थोडं ओढू या की, म्हणजे परत घसरणार नाही." हा मोह प्रत्येकाला होतो. वीसच्या पुढे गेलं की गिअर उशिरा पडतात, धक्का मारून पडतात, आणि तो धक्का बँडला आणि मागे डिफरन्शियलपर्यंत सगळ्याला बसतो. सतरा पुरे. लॉकनट आवळली, आवळताना अ‍ॅडजस्टर फिरला नाही ना हे पुन्हा गेजवरच तपासलं, मग बूच बसवलं.

चाचणीला सप्तशृंगी गड ठरला. ताईने ओटीचं सामान घेतलं, दाजी मागे बसले. पिंपळगाव, वणी, नांदुरी. सपाट रस्त्यावर गिअर पडतात ते आता फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळत होतं. नांदुरीनंतर घाट सुरू झाला. पहिल्याच चढाच्या वळणावर भाच्याने पेडल दाबलं आणि गिअरबॉक्स खाली उतरला, सरळ, इंजिन मोकळं न सुटता. वळण संपल्यावर पाय हलका केला तसा आपोआप वर चढला. दाजींनी मागून विचारलं, "काय बदललं मग?" भाच्याने उत्तर दिलं, "काहीच बदललं नाही, बाबा." आणि ते खरं होतं. एकही भाग नवा घातला नव्हता.

संध्याकाळी गाडी खालून बघितली तेव्हा केबल गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे तेलाचा ओलावा दिसला. तिथलं सील कडक झालं आहे. आतलं टोक कॅममधून सोडवायला तेलाची तळी उतरवावी लागेल, त्याच वेळी नवी केबलही घालता येईल. भाच्याने ती परदेशातून मागवली आहे. सध्या बागेचं काम अंगावर आहे, त्यामुळे द्राक्षं उतरल्यावर, एप्रिल छाटणीच्या आधी, आम्ही दोघं ते काम काढणार आहोत. तोवर दर रविवारी डिपस्टिक बघायला मी त्याला सांगून ठेवलं आहे. आजच्या दाबाचे आकडे, तारीख आणि रिकाम्या चालीच्या फेऱ्या त्याने गाडीच्या वहीत लिहून ठेवल्या आहेत, म्हणजे नवी केबल घातल्यावर ताडून बघता येईल.