रोगाचे नाव ठरेपर्यंत

सरकारी नोकरीत प्रलंबित प्रकरणांची आम्हांस सवय झाली होती. परंतु स्वतःचे अंगच प्रलंबित प्रकरण होऊन बसावे, हा अनुभव मात्र निवृत्तीनंतरचा. कमरेवर व मांडीवर, जिथे ऊन पोहोचत नाही अशा जागी, तांबूस, किंचित खवलेदार चट्टे उमटले. कोणी इसब म्हटले, कोणी गजकर्ण, कोणी सोरायसिस. मलमाने ते फिके होत; मलम थांबताच परतत. अशी सहा वर्षे गेली.

अखेर त्वचेचा तुकडा काढून तपासला. अहवाल आला, ‘निश्चित सांगता येत नाही’. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्टेरॉइडचे मलम आधी काही आठवडे बंद ठेवविले. कारण त्याने पुरावाच झाकला जातो. या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी त्वचेच्या वरच्या थरात शिरलेल्या दिसल्या, आणि जनुकीय तपासणीत त्या एकाच पेशीचा वंशविस्तार असल्याचे आढळले. निदान झाले: मायकोसिस फंगॉइडिस, त्वचेतील टी-पेशींचा संथ कर्करोग.

हे नाव मोठे फसवे. १८०६ साली पॅरिसमध्ये आलिबेर यांनी या रोगाचे प्रथम वर्णन केले. रुग्णाच्या अंगावरील गाठी अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून पुढे हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हा टी-पेशींचा विकार आहे, हे कळावयास विसाव्या शतकाचे आठवे दशक उजाडावे लागले.

आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर हाच रोग कधी फिकट डागांच्या रूपाने येतो, तोही बहुधा तरुण वयात. मग कोड किंवा कुष्ठाची शंका येते. जुन्या घरांतून असे डाग सोयरिकीच्या धास्तीने झाकले जातात, आणि जो विकार वेळीच दाखविल्यास बहुधा आटोक्यात राहतो, तोच अंधारात वाढतो.

‘निश्चित सांगता येत नाही’ हा शेरा तेव्हा आम्हांस टोलवाटोलवी वाटे. आज तो प्रामाणिक वाटतो. आरंभी हा रोग साध्या इसबासारखाच दिसतो. काळ लोटल्याशिवाय तो ओळख देत नाही. सध्या आम्ही आठवड्यातून तीनदा अतिनील किरणांचे उपचार घेतो. आरंभीच्या अवस्थेतील बहुतेक रुग्ण इतरांइतकेच जगतात, असे डॉक्टर सांगतात. वाचकांस सांगणे इतकेच: चट्टा महिनोन्‌महिने हटत नसेल, तर तो दाखवावा, आणि पहिल्या तुकड्याने उत्तर दिले नाही, तर दुसरा देण्यास कुरकुर करू नये.